विमा परदेशी, ताप गावी

आटपाडी, विटा, म्हसवड, दहिवडी या पट्ट्यात घरातलं कुणीतरी लांब असणं नवीन नाही. पावसानं दगा दिला की माणसं बाहेर पडायची. खानापूर-आटपाडीची आणि माण-खटावची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी केरळ, तमिळनाडू, पंजाबपर्यंत पोचली. पाटण-जावळीची माणसं मुंबईच्या बाजारात माथाडी झाली. आता पत्त्यांच्या वहीत आणखी नावं आली आहेत. कुणी दुबईत गवंडीकाम करतं, कुणी रियाधला गाडी चालवतं, कुणी जपानात शेतावर किंवा कारखान्यात आहे. मिरजेत नर्सिंग शिकलेल्या मुली इंग्लंड-जर्मनीच्या दवाखान्यांत दिसतात. पत्ता बदलला तसे घरातले प्रश्नही बदलले.

‘‘पोरगं जपानला आहे. महिन्याच्या महिन्याला त्याच्या पगारातनं विम्याचे पैसे कापून घेतात. मग माझं मिरजेतलं ऑपरेशन त्यात बसंल का?’’

‘‘सुट्टीवर आला आणि इथंच त्याला डेंगी झाला तर?’’

‘‘सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणतोय. तिकडचे पैसे बुडतील का?’’

तिन्ही प्रश्न विम्याचेच, पण तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर जपानपुरतं ‘हो, पण कागद असले तर’. तिसऱ्याचं उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. त्या उत्तरांपर्यंत पायरीपायरीनं जाऊ.

१. विमा कुणाच्या मागे चालतो?

सरकारी आरोग्य विमा हा टेंभू किंवा म्हैसाळ योजनेच्या पाण्यासारखा असतो. पाणी शेतकऱ्याच्या मागे फिरत नाही. ते लाभक्षेत्रातल्या रानाला मिळतं. एकाच माणसाचं एक रान लाभक्षेत्रात आणि दुसरं ओढ्यापलीकडे बाहेर असेल, तर तो पाणीपट्टी नियमित भरत असला तरी दुसरं रान कोरडंच राहतं. ‘मी पैसे भरतो की’ हे म्हणणं खरं असतं, पण पुरेसं नसतं.

आरोग्य विम्याचंही असंच आहे. वर्गणी कोण भरतो, सरकारदरबारी तो कुठला रहिवासी म्हणून नोंदलेला आहे आणि उपचार कुठे झाले, अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पोरगा जपानात नोंदलेला आहे, वर्गणीही भरतो, म्हणजे त्याच्यापुरत्या दोन गोष्टी जुळल्या. तुम्ही मात्र आटपाडीत राहता, तुमची नोंद आटपाडीत आहे. त्याच्या वर्गणीचा तुमच्या ऑपरेशनशी संबंध जुळत नाही.

एके काळी जपानमध्ये नोकरदाराला परदेशातल्या आईवडिलांना ‘अवलंबून असलेले’ म्हणून आपल्या विम्यात घालता येत असे. एप्रिल २०२० पासून तो दरवाजा बंद झाला. अवलंबून असलेली व्यक्ती स्वतः जपानची रहिवासी असली पाहिजे, असा नियम आला. शिकायला बाहेर गेलेली मुलं वगैरे थोडे अपवाद आहेत, पण गावाकडचे आईवडील त्यात येत नाहीत. एजंट अजूनही ‘फॅमिली कव्हर आहे’ असं सांगतात. त्यांना विचारा, ‘फॅमिली कुठे राहणारी?’

२. जपान: खिशातले तीस टक्के

जपानबद्दल जरा सविस्तर बोलतो. परक्या कामगाराला बरोबरीनं वागवणारी आणि त्याच वेळी कागदाला अतिशय काटेकोर अशी ती व्यवस्था आहे. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांबाबत करार झाला. शेती, वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, यंत्रकाम अशा क्षेत्रांत त्या वाटेनं आपली मुलं जातात.

तिथे १९६१ पासून प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. तीन महिन्यांहून जास्त राहणारा परदेशी माणूसही त्यात आला. विम्याचे दोन मोठे फाटे आहेत. कंपनीत नोकरी असेल तर कंपनीमार्फतचा विमा. त्याची वर्गणी पगाराच्या सुमारे दहा टक्के असते. त्यातली निम्मी मालक भरतो, निम्मी पगारातून कापली जाते. विद्यार्थी, स्वतःचा धंदा करणारे आणि एकट्या शेतकऱ्याच्या लहानशा शेतावर काम करणारे यांच्यासाठी राष्ट्रीय आरोग्य विमा. तो तिथली नगरपालिका चालवते आणि त्याची वर्गणी स्वतः भरावी लागते. शेतीच्या कामावर गेलेल्या मुलानं आपण कुठल्या फाट्यात आहोत हे पहिल्या महिन्यातच विचारून घ्यावं. पुढचे सगळे अर्ज त्यावर ठरतात.

दवाखान्यात गेलं की दोन्ही फाट्यांत सर्वसाधारण माणसानं बिलाच्या तीस टक्के द्यायचे, उरलेले सत्तर विमा देतो. पूर्वी त्यासाठी वेगळं विमा-कार्ड मिळायचं. २ डिसेंबर २०२४ पासून नवीन विमा-कार्डं देणं थांबलं. आता ‘माय नंबर’ हे ओळखपत्रच विमा-कार्डाचं काम करतं.

मोठ्या आजारात तीस टक्केही जड होतात. म्हणून महिन्याला एक कमाल मर्यादा आहे. एक साधं गणित करू. समजा, एका मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि एकूण खर्च ६,००,००० येन झाला. तीस टक्क्यांनी त्याचा वाटा १,८०,००० येन. पण त्याचा महिन्याचा पगार सुमारे २,७०,००० येनपेक्षा कमी आहे. या गटाची २०२५ च्या तक्त्यातली मर्यादा महिन्याला ५७,६०० येन आहे. म्हणजे वरचे १,२२,४०० येन त्याला द्यावे लागत नाहीत. दिले असतील तर अर्ज करून परत मिळतात. खोलीचं जादा भाडं आणि जेवण यात धरत नाहीत.

यातली खोच अशी की ही मर्यादा कॅलेंडरच्या महिन्यानुसार मोजतात. पंचवीस तारखेला दाखल होऊन पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला घरी आलात, तर दोन महिने झाले आणि मर्यादा दोनदा लागली. तातडीचं नसलेलं ऑपरेशन महिन्याच्या सुरुवातीला ठरवावं, असं तिथले जुने लोक नव्यांना सांगतात ते यासाठीच.

आजारामुळे कामावर जाता आलं नाही तर? कंपनीमार्फतच्या विम्यात पहिले सलग तीन दिवस सोडून चौथ्या दिवसापासून पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश इतका भत्ता मिळतो. एकूण दीड वर्षापर्यंत तो मिळू शकतो. मात्र कामावरच मार लागला असेल तर ते प्रकरण आरोग्य विम्याचं नाही. त्याला कामगार अपघात विमा वेगळा आहे आणि त्यात कामगाराला तीस टक्केही द्यावे लागत नाहीत. यंत्रात बोट सापडलं आणि मालक म्हणाला, ‘घरी पडलो असं सांग’, तर ऐकू नये. त्यात नुकसान कामगाराचंच आहे.

३. सुट्टीत इथं आजारी पडला तर

आता डेंगीचा प्रश्न. जपानचा विमा इथे ‘कॅशलेस’ चालत नाही. मिरजेतल्या दवाखान्याच्या काउंटरवर ते कार्ड कुणी ओळखणार नाही. पण जपानचा रहिवासी राहून थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलेला माणूस अचानक आजारी पडला, तर त्यानं स्वतः भरलेल्या खर्चातला काही भाग परत मागण्याची सोय दोन्ही फाट्यांत आहे. ती पुष्कळांना माहीत नसते. माहीत होते तेव्हा कागद हातातून गेलेले असतात.

समजा, दिवाळीच्या सुट्टीत आलेला मुलगा २८ ऑक्टोबरला मिरजेत दाखल झाला आणि ३ नोव्हेंबरला घरी आला. बिल झालं ६०,००० रुपये. ते त्यानं भरलं. जपानला परत गेल्यावर विमा कार्यालय दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतं. एक प्रत्यक्ष भरलेली रक्कम, दुसरा याच उपचाराला जपानच्या दरपत्रकाप्रमाणे किती लागले असते तो. यातला जो कमी, त्याचे सत्तर टक्के मिळतात. जपानी दरानं खर्च जास्त येत असेल तर ६०,००० चे सत्तर टक्के, म्हणजे ४२,००० रुपयांइतके येन. जपानी हिशेबानं तो ४०,००० रुपयांइतकाच निघाला, तर २८,००० रुपयांइतके. आपल्याकडचे दर बहुधा कमी असतात. त्यामुळे साध्या आजारात पहिलं गणित लागण्याची शक्यता अधिक.

लागणारे कागद असे. डॉक्टरांनी भरून सही केलेला आजाराचा आणि उपचाराचा तपशील, हा पहिला छापील नमुना. खर्चाचा बाबवार तपशील, हा दुसरा. पैसे भरल्याची मूळ पावती. या सगळ्याचं जपानी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही. तो त्या काळात खरोखर भारतात होता हे दाखवणारी पासपोर्टची पानं. आणि ‘तुम्ही दवाखान्याकडे चौकशी करू शकता’ असं संमतिपत्र. खोट्या दाव्यांची प्रकरणं झाल्यापासून ही चौकशी कडक झाली आहे, त्यामुळे संमतिपत्राला नाक मुरडू नये.

आपल्याकडे अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पॅकेज. आपले पुष्कळ दवाखाने ‘पॅकेज ६०,०००’ अशी एका ओळीची पावती देतात. जपानी कार्यालयाला हवं असतं खाटेचं भाडं किती, रक्ततपासण्या किती, सलाइन आणि औषधं किती, डॉक्टरांची फी किती. एका ओळीच्या पावतीवर त्यांना हिशेबच मांडता येत नाही. म्हणून डिस्चार्ज घेतानाच ‘बिलाचा ब्रेकअप पाहिजे’ असं सांगावं. महिनाभरानं फोन करून तो मिळत नाही असं नाही, पण फार मिनतवाऱ्या कराव्या लागतात. बाहेरच्या मेडिकलमधून आणलेल्या औषधांची पक्की बिलंही जपून ठेवावीत.

दुसरं म्हणजे महिन्याचा हिशेब. नमुने दर महिन्याला, दर दवाखान्याला, आणि दाखल रुग्ण व बाह्यरुग्ण असे वेगवेगळे भरायचे असतात. आपल्या उदाहरणातला मुलगा ऑक्टोबरमध्ये आत गेला आणि नोव्हेंबरमध्ये बाहेर आला. म्हणजे दोन संच. त्याआधी गावातल्या डॉक्टरांकडे ताप दाखवला असेल तर तिसरा. सहा दिवसांच्या तापासाठी एवढे कागद, म्हणून डॉक्टर वैतागतात आणि ते समजण्यासारखं आहे. पण कोरे नमुने सोबत असतील आणि त्यावर इंग्रजी मजकूरही असेल, तर काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

कशाला पैसे मिळत नाहीत तेही ध्यानात ठेवावं. जपानी विमा ज्या उपचाराला लागू नाही, तो इथे केला तरी लागू होत नाही. दातांचं इम्प्लांट, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया ही त्यातली. उपचारासाठीच म्हणून भारतात आलात, तरी मिळत नाही. ‘तिकडे महाग पडतं, गावाकडे जाऊन मूळव्याधीचं ऑपरेशन उरकून येतो’ हा बेत चांगला असेल, पण त्याचा खर्च आपलाच. आणि इथे सरकारी योजनेतून मोफत उपचार झाले असतील तर परत मागायला खर्चच उरत नाही. दोन्हीकडून घेण्याचा प्रयत्न म्हणजे सरळ फसवणूक.

मुदत आहे पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षं. रक्कम जपानमधल्या बँक खात्यात येते, इथल्या खात्यावर नाही.

४. माहेरचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जपानात नवऱ्याबरोबर राहणारी सून सातव्या-आठव्या महिन्यात सांगलीला येते, बाळ-बाळंतीण तीन-चार महिन्यांनी परत जातात. घरातले धरून चालतात की बाळंतपण इथे झालं म्हणजे तिकडचं काही मिळणार नाही.

तसं नाही. जपानमध्ये बाळंतपण हा आजार मानत नाहीत. त्यामुळे साध्या बाळंतपणाला ते सत्तर टक्क्यांचं गणित लागूच होत नाही. त्याऐवजी एकरकमी प्रसूती अनुदान असतं. एप्रिल २०२३ पासून ते ४,२०,००० वरून ५,००,००० येन झालं. बाळंतपण परदेशात झालं तरी ते मिळतं. फक्त जपानी दवाखान्यांच्या एका नुकसानभरपाई योजनेचा भाग वजा होऊन ४,८८,००० येन मिळतात. इथे दवाखान्याचं बिल किती झालं हे त्यात पाहत नाहीत. रक्कम ठरलेली आहे.

अट मोठी एकच. त्या काळात सून जपानची रहिवासी आणि विमाधारक राहिली पाहिजे, स्वतःच्या नावानं किंवा नवऱ्यावर अवलंबून म्हणून. कधी कधी नवरा काटकसर म्हणून, ‘नाहीतरी सहा महिने इकडे नाहीस’ असं म्हणून तिची तिथली नोंद काढून टाकतो. थोडी वर्गणी वाचते आणि चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार येन जातात.

कागद मोजके आहेत. महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दवाखान्याचं प्रसूतीचं प्रमाणपत्र, दोन्हींचं जपानी भाषांतर, आईच्या पासपोर्टची पानं आणि संमतिपत्र. जन्मदाखल्यावरचं आईचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘सौ.’ आणि ‘बाई’ यांचा जो गोंधळ असतो तो परदेशी कारकुनाला समजावता येत नाही. दाखला काढतानाच पासपोर्ट पुढे ठेवावा.

५. जर्मनी आणि इंग्लंड

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून आपल्याकडे जर्मन भाषेचे वर्ग वाढले. जर्मनीची आरोग्य विमा पद्धत १८८३ ची, जगातली सर्वांत जुनी. पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी, वर विमा संस्थेची थोडी जादा वर्गणी, आणि दोन्हींचा निम्मा भार मालकावर. नवरा किंवा बायको आणि मुलं जर्मनीत राहत असतील आणि त्यांना वेगळी कमाई नसेल, तर त्यांचा विमा त्याच वर्गणीत होतो. सासूसासरे किंवा आईवडील त्यात बसत नाहीत.

आजारी पडल्यावर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर विमा संस्था ढोबळ पगाराच्या सत्तर टक्के देते. एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर आठवडे.

पण तो विमा भारतातल्या दवाखान्याचं बिल देत नाही. जपान आणि जर्मनी यांच्यातला हा फरक नीट लक्षात ठेवावा. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे अनेकांचा समज होतो की दवाखानाही त्यात आला. तो करार मुख्यतः पेन्शनचा आहे. जपानशी १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेला करारही पेन्शनचाच. म्हणून जर्मनीतून सुट्टीवर निघताना प्रवासी आरोग्य विमा वेगळा घ्यावा. एक गोष्ट मात्र मिळते. सुट्टीत इथे आजारी पडलात, त्याच दिवशी मालकाला कळवलंत आणि डॉक्टरांचं कामास असमर्थ असल्याचं प्रमाणपत्र घेतलंत, तर ते दिवस रजेतून कापले जात नाहीत. तेवढी रजा परत खात्यावर जमा होते. नुसता ‘ताप होता’ असा दाखला त्यासाठी चालत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम करता येणार नाही, हे लिहिलेलं हवं.

इंग्लंडचं त्याहून सोपं. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा करांतून चालते, तिला वर्गणीचं पुस्तक नसतं. परदेशी कामगाराकडून व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभार घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. कराडचा एखादा इंजिनिअर तीन वर्षांच्या व्हिसावर गेला तर ३,१०५ पौंड आधीच भरतो. मिरजेतली नर्स आरोग्यसेवकांच्या व्हिसावर गेली तर तिला हा अधिभार माफ आहे. तिच्याकडून कुणी तो मागितला तर एजंटला जाब विचारावा. दोघांपैकी कुणीही सुट्टीत सांगलीला आजारी पडलं, तर इंग्लंडची सेवा इथला खर्च देत नाही.

६. आखात आणि पासपोर्टवरचा शिक्का

आखातातल्या अनेक देशांत चाल वेगळी. तिथे परदेशी कामगारासाठी जपानसारखा एक राष्ट्रीय विमा नाही. मालकानं खासगी कंपनीचा विमा काढून द्यायचा असतो आणि कायद्यानं तो खर्च मालकाचा. सौदी अरेबियात तसंच आहे. दुबईत २०१३ च्या कायद्यानं ही सक्ती आली, आणि १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या उरलेल्या अमिरातींतल्या खासगी नोकरदारांनाही ती लागू झाली. दुबईच्या किमान विम्याची वार्षिक मर्यादा १,५०,००० दिरहॅम आहे. विम्याचा हप्ता पगारातून कापून घेणं तिथे बेकायदा आहे, तरी कापला जातो. पगाराची पावती वाचायची सवय नसली की तो दिसतही नाही.

दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर परदेशगमन तपासणीची नोंद असते. १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशा कामगाराला आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते. ती काढताना त्याला ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ घ्यावीच लागते. ही योजना २००३ ची, नंतर तीत सुधारणा होत गेल्या. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, अधिक कर. एवढ्याशा पैशांत काय मिळतं ते पाहण्यासारखं आहे. अपघाती मृत्यू किंवा नोकरी जाईल असं कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. परदेशात दवाखान्यात दाखल झाल्यास १ लाखापर्यंत, एका वेळेला ५०,००० पर्यंत. स्त्री कामगाराच्या बाळंतपणासाठी ५०,००० पर्यंत. कामाला वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून परत पाठवलं तर परतीचं विमानभाडं. नोकरीवरून कज्जा झाला तर वकिलाच्या खर्चासाठी ४५,००० पर्यंत. आणि कामगाराचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचं अपंगत्व आलं तर इथल्या कुटुंबाच्या दवाखान्यासाठी वर्षाला ५०,००० पर्यंत.

१० लाखांचं हे संरक्षण मालक बदलला किंवा कामाचं ठिकाण बदललं तरी टिकतं. पण घरच्यांना पॉलिसीचा कागद कुठे आहे हेच माहीत नसतं. कामगार तो एजंटच्या फायलीत ठेवून विमानात बसतो. वारसदाराच्या हातात कागद नसेल तर विमा असूनही विमा नाही. जाण्याआधी त्याची प्रत बायकोजवळ किंवा आईजवळ ठेवावी. वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलं आहे तेही तपासावं. लग्नाआधी गेलेल्यांच्या कागदावर बहुतेक वडिलांचं नाव असतं.

विमा संपला, मालक पळाला, माणूस दवाखान्यात पडून आहे, अशी वेळ आली तर भारतीय दूतावासात समाज कल्याण निधी असतो. २००९ पासून तो आहे. तातडीचे उपचार, आणि वाईटात वाईट म्हणजे पार्थिव घरी आणणं, यासाठी तो वापरता येतो. इथून घरच्यांना १८००११३०९० या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या क्रमांकावर बोलता येतं.

७. मागे राहिलेल्यांचं काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे. पोराचा विमा आईच्या ऑपरेशनला चालत नाही, मग आईनं काय करायचं? तिच्यासाठी इथलीच दारं आहेत, आणि परदेशी पैसा येणाऱ्या घरांना ती आपल्यासाठी नाहीतच असं वाटतं.

राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सातारा-सांगली त्यात नव्हते. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर आली, पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि मर्यादा दीड लाखावरून वर्षाला प्रतिकुटुंब ५ लाखांवर गेली. नवी व्यवस्था जुलै २०२४ पासून अमलात आली. म्हणजे पांढऱ्या शिधापत्रिकेचं घरही आता पात्र आहे. मुलगा परदेशात कमावतो हा त्यात अडथळा नाही. मात्र ठरलेल्या उपचारांच्या यादीतला आजार आणि योजनेतला दवाखाना हवा. दवाखान्यात योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे दाखल होण्याआधी जावं, बिल झाल्यावर नाही. चौकशीसाठी १५५३८८.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक कार्ड आलं, आयुष्मान वय वंदना. त्यात उत्पन्न पाहत नाहीत. आधार कार्डावर वय सत्तर किंवा अधिक एवढंच पुरतं, आणि ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. मिलिटरी अपशिंगेसारख्या साताऱ्यातल्या सैनिकी गावांत मात्र एक निवड करावी लागते. माजी सैनिकांची स्वतःची आरोग्य योजना आणि हे कार्ड यांपैकी एकच घेता येतं. घाईनं एक सोडून दुसरं घेऊ नये. सैनिकी योजनेत बाह्यरुग्ण म्हणून तपासणी आणि औषधंही मिळतात, वय वंदना कार्ड मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांचं आहे. बहुतेक माजी सैनिकांनी आपली जुनीच योजना ठेवावी, असं माझं मत.

देशातल्या देशात लांब असलेल्या गलाईवाल्यांचं काय? केंद्राच्या यादीत ज्या कुटुंबाचं नाव आहे, त्यांचं आयुष्मान कार्ड ही योजना राबवणाऱ्या दुसऱ्या राज्यांतल्या संलग्न दवाखान्यांतही चालतं. ज्यांचं नाव केवळ राज्याच्या यादीत आहे, त्यांना महाराष्ट्रातल्या योजनेचाच आधार. तुमचं नाव कुठल्या यादीत आहे हे १४५५५ वर विचारता येतं. केरळात दुकान असलेल्या माणसानं हा फोन आजारपणात करू नये, आजच करावा.

आणखी एक गैरसमज. जपान सोडून कायमचं परत येताना काही रक्कम मिळते, तिला लोक ‘विम्याचे पैसे परत मिळाले’ म्हणतात. ती पेन्शनच्या वर्गणीची एकरकमी परतफेड असते. किमान सहा महिने वर्गणी भरलेली हवी आणि देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. आरोग्य विम्याची वर्गणी कधीच परत मिळत नाही. ज्या दिवशी तिथली नोंद संपते, त्या दिवशी तो विमाही संपतो. म्हणून परतणाऱ्यानं गावी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इथलं आयुष्मान कार्ड काढून घ्यावं. आणि जो सुट्टीवर येणार आहे त्यानं विमानाच्या तिकिटाबरोबर आपल्या विमा कार्यालयातून ते दोन कोरे नमुने, प्रत्येकी तीन-तीन प्रती, छापून बॅगेत टाकाव्यात.